कॅन्सर इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट म्हणून रुजू होताना

पहिल्या आठवड्यात तुमच्या हातात टी पेशी, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, येतीलच असं नाही. पिपेटच्या टिप्सचे रिकामे डबे मात्र नक्की येतील. ते भरायचे, ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) लावायचे, बफर बनवायचे, बाटल्यांवर तारीख घालायची. पदवी घेऊन आलेल्या माणसाला हे थोडं जिव्हारी लागतं. मलाही लागलं होतं. पण लॅबची खरी ओळख याच आठवड्यात होते: कोणती वस्तू कुठल्या फ्रीजमध्ये असते, कोणता सेंट्रीफ्यूज कुरकुरतो, कोणाच्या शेल्फला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

या कामात आकडा मिळवणं फारसं अवघड नाही. मशीन कुठला ना कुठला आकडा देतंच. तो आकडा पेशींमुळे आला की तुमच्या हातामुळे, हे ओळखता येणं म्हणजे ही नोकरी. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे. कामं ज्या क्रमाने अंगावर येतात, साधारण त्याच क्रमाने सांगतो.

रुजू होण्याआधी: किती वाचायचं

जाडजूड पुस्तक पाठ करायची गरज नाही. चार गोष्टी पक्क्या असल्या तर लॅब मीटिंगमध्ये बसल्यावर डोक्यावरून जात नाही.

पहिली, टी पेशी पाहते काय. शरीरातली केंद्रक असलेली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे छोटे तुकडे एमएचसी नावाच्या रेणूवर ठेवून बाहेर दाखवत असते. नुसता तुकडा टी पेशीला ओळखता येत नाही, तो आपल्याच एमएचसीवर बसलेला लागतो. झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये हे दाखवलं आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणूनच रुग्णांच्या नमुन्यांसोबत एचएलए (माणसातले एमएचसी) टायपिंगची यादी येते. ती फाइल उगाच जोडलेली नसते.

दुसरी, ब्रेक. टी पेशीवर सीटीएलए-४ आणि पीडी-१ असे रेणू असतात, जे तिला आवरतात. गाठ या ब्रेकचा फायदा घेते. ते सोडवता येतात या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. इपिलिमुमॅब हे सीटीएलए-४ विरुद्धचं औषध २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पीडी-१ विरुद्धची पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब २०१४ मध्ये. रुग्णाच्याच टी पेशी बदलून परत देण्याच्या कार-टी पद्धतीला पहिली मंजुरी २०१७ मध्ये मिळाली.

तिसरी, रेग्युलेटरी टी पेशी. त्या बाकीच्यांना शांत करतात, फॉक्सपी३ ही त्यांची खूण, आणि गाठीत त्यांची गर्दी असते. २०२५ चं नोबेल या विषयाला गेलं, त्यामुळे तुमच्या लॅबमध्ये त्यावर चर्चा झाली नाही तरच नवल.

चौथी गोष्ट सगळ्यात उपयोगाची: गाठ म्हणजे फक्त कॅन्सरच्या पेशी नव्हेत. तिच्यात मॅक्रोफेज (जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी), फायब्रोब्लास्ट (ऊतीचा सांगाडा बनवणाऱ्या पेशी), रक्तवाहिन्या, टी पेशी, मेलेल्या पेशी असं सगळं एकत्र असतं. तुम्ही जे मोजणार ते नेहमी मिश्रणातलं असेल.

याशिवाय सीडी क्रमांकांची, म्हणजे पेशीवरच्या ओळखखुणांची, एक चिठ्ठी करून बेंचवर चिकटवा. सीडी४५ म्हणजे सगळ्या पांढऱ्या पेशी, सीडी३ टी पेशी, सीडी४ मदतनीस, सीडी८ मारेकरी, सीडी१९ बी पेशी, सीडी१४ मोनोसाइट, सीडी५६ माणसाच्या एनके (नॅचरल किलर) पेशी. उंदरात एनके पेशींसाठी सीडी५६ शोधत बसू नका. तिथे एनके१.१ वापरतात, आणि तेही सीफिफ्टीसेव्हन-ब्लॅक-सिक्स जातीत चालतं, बाल्ब-सी जातीत चालत नाही. एका नवख्या मुलीने यात आख्खा दिवस घालवला होता. चूक तिची नव्हती, तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

पहिला दिवस: सुरक्षा

सुरक्षेचं प्रशिक्षण कंटाळवाणं असतं, तरी झोपू नका. माणसाचं रक्त हाताळणार असाल तर हिपॅटायटिस बीची लस आणि तिचा टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीची पातळी) आधी. प्रत्येक नमुना संसर्गजन्य आहे असं धरूनच काम करायचं. सुईला टोपण परत लावायचं नाही, ती सरळ शार्प्सच्या डब्यात.

स्वतःच्या रक्तातल्या पेशी कल्चरमध्ये (लॅबमध्ये पेशी वाढवताना) वापरू नका. ऐन वेळी डोनर मिळत नाही, प्रयोग अडलेला असतो आणि दंड पुढे करण्याचा मोह होतो. पण त्या पेशींमध्ये व्हायरसने जीन घातलं आणि नंतर चुकून सुई टोचली, तर तुमचं शरीर त्या पेशींना परकं मानणार नाही. दुसऱ्याच्या पेशी शरीर हाकलून देतं, आपल्या ठेवून घेतं.

लिक्विड नायट्रोजनने हात भाजतो हे सगळ्यांना माहीत असतं. गुदमरायला होतं हे माहीत नसतं. एक लिटर द्रवाचा साधारण ७०० लिटर वायू होतो आणि तो खोलीतला ऑक्सिजन ढकलून देतो. दार बंद करून एकट्याने टाकी भरू नका. द्रवात बुडालेली व्हायल बाहेर काढताना चेहऱ्यावर शील्ड हवीच. आत शिरलेला नायट्रोजन एकदम फुगला की व्हायल फटाक्यासारखी फुटते. सोडियम ॲझाइड घातलेलं बफर बेसिनमध्ये सरळ ओतू नका, धातूच्या पाइपात साठून त्याची स्फोटक संयुगं होतात.

पहिले दोन आठवडे: हात बसवणं

वजनकाट्यावर छोटी नळी ठेवा आणि १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा टाका. दर वेळी ०.१ ग्रॅमच्या आसपास वाढ दिसायला हवी. आकडे इकडेतिकडे उडत असतील तर बहुतेक वेळा अंगठा घाईत असतो, किंवा टिप नीट बसलेली नसते. पिपेट त्याच्या पल्ल्याच्या अगदी तळाशी वापरू नका: २०० च्या पिपेटने ५ मायक्रोलिटर घेणं म्हणजे अंदाजपंचे. सिरियल डायल्युशनमध्ये (टप्प्याटप्प्याने पातळ करताना) दर पायरीला टिप बदला. हे सगळं तुम्हाला माहीत आहेच. तरीही काट्यावर एकदा करून पाहा.

सेंट्रीफ्यूजचं मात्र थोडं थांबून समजून घ्या. जुन्या प्रोटोकॉलमध्ये ‘१५०० आरपीएम, १० मिनिटं’ असं लिहिलेलं असतं. आरपीएम म्हणजे फक्त फेऱ्या. पेशींवर किती जोर पडेल ते रोटरच्या त्रिज्येवर ठरतं. सूत्र असं: जी = ०.००००१११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. ४०० जी हवं असेल तर १७ सेंटिमीटरच्या रोटरवर साधारण १४५० आरपीएम लागतात, १० सेंटिमीटरच्या रोटरवर १८९० च्या आसपास. तोच आकडा दुसऱ्या मशीनवर टाकलात की पेशी एक तर बसणार नाहीत किंवा चिरडतील. वहीत कायम जी लिहा.

पहिला महिना: कल्चर

हूडमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) हात कुठून कुठे न्यायचा, जाळीवर काही ठेवायचं नाही, उघड्या बाटलीवरून हात फिरवायचा नाही, हे कोणीतरी शेजारी बसून दाखवेल. वाचून ते येत नाही.

माध्यमाचा, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात त्याचा, रंग वाचायला शिका. त्यात फिनॉल रेड असतं: लालसर ठीक, पिवळं म्हणजे आम्ल वाढलंय, जांभळट गुलाबी म्हणजे कार्बन डायऑक्साइड मिळत नाहीये, बहुतेक वेळा टाकी संपलेली असते. टी पेशी सीडी३ आणि सीडी२८ च्या बीड्सनी चेतवल्या की एक-दोन दिवसांत त्यांचे घोस दिसतात आणि तिसऱ्या दिवशी माध्यम पिवळं पडतं. नवा माणूस घाबरतो, कल्चर बिघडलं म्हणतो. माध्यम स्वच्छ आणि पिवळं असेल तर पेशी खूप वाढल्यात आणि भुकेल्यात. मोजा, विभागा, नवीन माध्यम आणि आयएल-२ (टी पेशींना वाढवणारं प्रथिन) द्या. गढूळ आणि पिवळं असेल तर बॅक्टेरिया, ब्लीच घाला.

खरा शत्रू गढूळपणा आणतच नाही. मायकोप्लाझ्मा हा अगदी छोटा बॅक्टेरिया साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, माध्यम ढवळत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटू शकतो. त्याला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे माध्यमातलं पेनिसिलिन त्याचं काही वाकडं करू शकत नाही. पेशी जगतात, वाढतात, फक्त वेगळ्या वागू लागतात, आणि रोगप्रतिकारक पेशी तर त्याला ओळखून सायटोकाइन (पेशींमधली निरोप्या प्रथिनं) सोडतात. आपल्या विषयात हे फार घातक आहे, कारण आपण मोजतो तेच सायटोकाइन. माझ्या सुरुवातीच्या एका प्रयोगात गाठीच्या पेशींसोबत ठेवलेले मॅक्रोफेज जबरदस्त पेटून उठत होते. आम्ही खूश. तीन महिन्यांनी टेस्ट केली तर ती सेल लाइन (लॅबमध्ये कायम वाढवत ठेवलेल्या गाठीच्या पेशी) मायकोप्लाझ्माने भरलेली निघाली. ते पेटणं गाठीमुळे नव्हतंच. तेव्हापासून माझा नियम: बाहेरून आलेली प्रत्येक सेल लाइन, मग ती कितीही नावाजलेल्या लॅबमधून येवो, टेस्टचा निकाल येईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये. नंतर दर महिन्याला पीसीआर (डीएनएवरून होणारी चाचणी).

ओळख तपासणंही तितकंच गरजेचं. एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन वर्षानुवर्षं स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली गेली. ती मुळात मेलानोमाची निघाली. एसटीआर प्रोफाइल (पेशींच्या डीएनएचा ठसा) केल्याशिवाय नावावर विश्वास नको. पॅसेज नंबर (पेशी किती वेळा विभागून नव्या भांड्यात घातल्या) व्हायलवर, फ्लास्कवर आणि वहीत, तिन्ही ठिकाणी.

रक्त येतं तो दिवस

हे काम बहुतेक असिस्टंटच्या वाट्याला येतं. वेळ ठरलेली नसते, दुपारी एकचा नमुना साडेचारला येतो, आणि तो उद्यावर टाकता येत नाही. सकाळीच पीबीएस (मिठाचं बफर) आणि फायकॉल (पेशी घनतेनुसार वेगळा करणारा द्रव) खोलीच्या तापमानाला काढून ठेवा आणि नळ्यांवर नावं घालून ठेवा.

१. नळीवरचा कोड आणि कागदावरचा कोड जुळवा. रक्त कोणत्या नळीत आहे ते लिहा, हेपरिन की ईडीटीए (दोन्ही रक्त गोठू न देणारी). पुढे पीसीआर करायचं असेल तर हेपरिन अडथळा आणतं. रक्त काढल्याची वेळ आणि तुम्ही सुरू केल्याची वेळ, दोन्ही लिहा.

२. रक्तात तेवढंच पीबीएस मिसळा.

३. ५० मिलीच्या नळीत १५ मिली फायकॉल घ्या. नळी तिरकी धरून त्यावर ३० मिलीपर्यंत पातळ केलेलं रक्त भिंतीवरून अगदी सावकाश सोडा. दोन थरांमधली रेघ स्पष्ट दिसली पाहिजे. इथे हात थरथरतो. पहिल्या काही वेळा सगळ्यांचाच थरथरतो.

४. ४०० जी, ३० मिनिटं, २० अंश, आणि ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर शेवटच्या क्षणी ढवळतात. सुरू करण्याआधी स्क्रीन पुन्हा बघा. आधीच्या माणसाने चार अंशांवर ठेवलेलं असतं. थंडीत फायकॉलची घनता बदलते आणि थर नीट सुटत नाहीत.

५. वर प्लाझ्मा, खाली लाल पेशी, मध्ये पांढुरकी कडी. प्लाझ्मा हवा असेल तर आधी तो काढून घ्या, मग कडी पाश्चर पिपेटने गोल फिरत उचला. फायकॉल जितकं कमी येईल तितकं बरं.

६. भरपूर पीबीएसने धुवा, ३०० जी, १० मिनिटं. दुसऱ्यांदा २०० जी ठेवा, म्हणजे प्लेटलेट वर तरंगत राहतात आणि ओतून जातात.

७. मोजा.

मोजण्याचं उदाहरण. ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) निम्म्यास निम्मं मिसळलं, म्हणजे डायल्युशन २. हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचेच्या) चार कोपऱ्यांत मिळून २१२ जिवंत आणि १८ निळ्या. जिवंतांची सरासरी ५३. ५३ × २ × १०,००० म्हणजे मिलीला १०.६ लाख पेशी. तुमच्याकडे पेशींचं १० मिली द्रावण असेल तर १ कोटी ६ लाख. जिवंत पेशी २३० पैकी २१२, म्हणजे ९२ टक्के. निरोगी माणसाच्या एक मिली रक्तातून साधारण दहा लाख पीबीएमसी (त्या पांढुरक्या कडीतल्या पेशी) मिळतात, तेव्हा १० मिली रक्तासाठी हा आकडा रास्त आहे. एक कोटीऐवजी दहा कोटी आले तर खूश होऊ नका, शून्य तपासा.

कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तात एक खुबी आहे. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) एरवी खाली बसतात, पण या रुग्णांमध्ये काही हलके न्यूट्रोफिल पीबीएमसीच्याच कडीत येतात. शिळ्या रक्तातही तसंच दिसतं, कारण वेळ गेली की न्यूट्रोफिलची घनता बदलते. म्हणजे एकच चित्र, कारणं दोन: एक आजारामुळे, दुसरं उशिरामुळे. पहिल्या पायरीत वेळ लिहायला सांगितलं ते याचसाठी. रुग्णांचे नमुने नेहमी संध्याकाळी येत असतील आणि निरोगी डोनरचे सकाळी, तर तुमच्या ‘रोगातल्या फरका’चा काही भाग वाहतुकीचा असू शकतो. हे लक्षात आणून देणारा असिस्टंट लॅबला सोन्यासारखा वाटतो. निदान वाटायला हवा.

गोठवताना १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं द्रव्य), बाकी सिरम, व्हायलला ५० लाख ते १ कोटी पेशी. डीएमएसओ मिसळल्यावर गप्पा नकोत, बाहेर राहिलं की ते पेशींना मारतं. मिनिटाला एक अंश या वेगाने थंड करणाऱ्या डब्यात घालून उणे ८० ला ठेवा, दुसऱ्या दिवशी लिक्विड नायट्रोजनमध्ये. ‘उद्या हलवतो’ म्हणून महिनाभर उणे ८० लाच राहिलेल्या व्हायल मी पाहिल्या आहेत. त्या उघडल्यावर जे मिळतं त्याला पेशी म्हणणं धाडसाचं. वितळवताना उलट: ३७ अंशांच्या पाण्यात पटकन, बर्फाचा छोटा खडा उरला की बाहेर, आणि मग कोमट माध्यम थेंब थेंब. पेशींचा चिकट गोळा झाला तर मेलेल्यांचा डीएनए बाहेर पडलेला असतो, डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) घाला. काम पाहायचं असेल, म्हणजे सायटोकाइन किंवा मारण्याची क्षमता, तर रात्रभर विश्रांती द्या.

दुसरा-तिसरा महिना: फ्लो

फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींना रंगीत अँटिबॉडी लावून एकेक पेशी लेझरसमोरून मोजणं, हे या विषयाचं दैनंदिन हत्यार आहे आणि सुंदर दिसणाऱ्या चुका करण्याचं सगळ्यात सोपं ठिकाणही. माझी चूक सांगतो. गाठीतून काढलेल्या सीडी८ पेशींमध्ये मला पीडी-१ जास्त असलेला एक ठसठशीत गट मिळाला. प्रिंट काढून बॉसच्या टेबलावर ठेवला. त्यांनी एकच विचारलं, ‘डेड सेल डाय कुठाय?’ तो मी घातला नव्हता. मेलेल्या पेशी हाताशी येईल ती अँटिबॉडी चिकटवून घेतात. माझा गट म्हणजे गाठ फोडताना मेलेल्या पेशी होत्या.

तेव्हा, पायऱ्या. पेशी ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. अमाइनला चिकटणारा लाइव्ह-डेड डाय साध्या पीबीएसमध्ये लावा. बफरमध्ये सिरम असेल तर डाय सिरमलाच जाऊन बसतो. मग एफसी ब्लॉक, कारण मॅक्रोफेज अँटिबॉडीची शेपटी धरून ठेवतात. मग अँटिबॉडीचं मिश्रण, सगळ्या नळ्यांना पुरेल असं एकदाच बनवलेलं. प्रत्येक अँटिबॉडी वापरण्याआधी टायट्रेट करा, म्हणजे तिचं योग्य प्रमाण शोधा. कंपनीच्या कागदावरचं प्रमाण बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त असतं, त्याने पार्श्वभूमी वाढते आणि पैसाही जातो.

कंट्रोल तीन प्रकारचे. एकेका रंगाचे, कारण एफआयटीसी या रंगाचा उजेड पीई या दुसऱ्या रंगाच्या डिटेक्टरमध्ये सांडतो आणि तो किती सांडतो हे मशीनला सांगावं लागतं. टॅन्डम डाय (दोन रंग जोडून केलेला) असेल तर कंट्रोलही त्याच व्हायलमधला घ्या. टॅन्डम उजेडात आणि फिक्स केल्यावर तुटतात, आणि दोन लॉट सारखे नसतात. दुसरा, एफएमओ: एक रंग सोडून बाकी सगळे. पीडी-१ सारखा रेणू दोन वेगळे डोंगर करत नाही, एक लांबट उतार करतो, तिथे रेघ कुठे मारायची हे एफएमओशिवाय ठरवणं म्हणजे स्वतःला हवं ते उत्तर काढणं. तिसरा, जैविक: न चेतवलेल्या पेशी, निरोगी डोनर. आकडेवारीचंही भान ठेवा. एखादा गट सीडी८ च्या ०.१ टक्के असेल तर एक लाख सीडी८ पेशींतून तुम्हाला शंभर मिळणार. दहा हजारांतून दहा. दहा ठिपक्यांवर निष्कर्ष काढू नका.

कोणी आधी सांगत नाही अशा दोन गोष्टी. पीएमए आणि आयोनोमायसिन या रसायनांनी चेतवलं की माणसाच्या टी पेशी सीडी४ आत ओढून घेतात. मग ‘सीडी४ गेल्या कुठे’ म्हणून शोधाशोध होते. आणि रुग्णाला पीडी-१ विरुद्धचं औषध चालू असेल तर ते औषध आधीच पीडी-१ वर बसलेलं असतं. तुमच्या अँटिबॉडीला तीच जागा हवी असेल तर ती बसणार नाही, आणि उपचारानंतर पीडी-१ ‘कमी झालं’ असा खोटा आकडा येईल. अँटिबॉडीचा क्लोन (तिचा नेमका प्रकार) कोणता आणि तो औषधाशी भांडतो का, हे विचारूनच ऑर्डर द्या.

उंदीर

सगळ्या लॅबमध्ये हे काम नसतं. असेल तर मंजूर प्रोटोकॉल आणि प्रशिक्षण यांच्याशिवाय पिंजऱ्याला हात लावू नका. मन तयार आहे का, हेही स्वतःला विचारा. मला पहिला महिना झोप नीट लागत नव्हती, आणि ते बोलून दाखवायला मी लाजलो. लाजायचं कारण नव्हतं. काही चांगले असिस्टंट हे काम करत नाहीत आणि बाकीचं उत्तम करतात.

सेल लाइन आणि उंदराची जात जुळलीच पाहिजे: बी१६ मेलानोमा आणि एमसी३८ सीफिफ्टीसेव्हन-ब्लॅक-सिक्समध्ये, सीटी२६ आणि ४टी१ बाल्ब-सीमध्ये. उलट टाकलं तर उंदीर परकं म्हणून गाठ नाकारतो आणि तुम्हाला वाटतं उपचार लागू पडला. टोचायच्या पेशी ९० टक्क्यांच्या वर जिवंत हव्यात. कॅलिपरने लांबी आणि रुंदी मोजा; आकारमान = लांबी × रुंदीचा वर्ग ÷ २. दहा बाय आठ मिलिमीटरची गाठ ३२० घन मिलिमीटर. रुंदीचा वर्ग होतो, म्हणून रुंदीतली छोटी चूक मोठी होते. मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत नसावं. आणि शक्यतो रोज तोच माणूस मोजणारा असावा, कारण कॅलिपर दाबण्याची प्रत्येकाची सवय वेगळी.

गट पाडताना एक पिंजरा म्हणजे एक गट असं करू नका. एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यांच्या आतड्यातले जंतू सारखे होतात, आणि ते जंतू उपचाराच्या निकालात ढवळाढवळ करतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एकाच जातीच्या, पण दोन पुरवठादारांकडून आलेल्या उंदरांमध्ये मेलानोमा वेगवेगळ्या वेगाने वाढला. एकत्र ठेवल्यावर हा फरक मिटला. त्यामुळे उंदीर कुठून आले, कधी आले, कोणत्या पिंजऱ्यात होते, ते लिहा. गाठ ठरलेल्या मर्यादेला पोचली किंवा उंदीर कुबड काढून कोपऱ्यात बसायला लागला की थांबायचं, आलेखात अजून दोन बिंदू हवेत म्हणून वाट पाहायची नाही.

वही

त्याच दिवशी लिहा. संध्याकाळी नाही, करता करता. अँटिबॉडीचा क्लोन आणि लॉट नंबर, सिरमचा लॉट, पेशींचा पॅसेज, सुरू झाल्याची वेळ, आणि प्रोटोकॉलपासून जिथे हललात ते. ‘३० मिनिटांऐवजी ४५ झाली, फायर ड्रिल होती’ असं एक वाक्य सहा महिन्यांनी तुम्हाला वाचवतं. सिरमचा लॉट बदलल्यावर टी पेशींचं वागणं बदलतं हे मी जुन्या वह्या उलटूनच शोधलं होतं.

नको असलेला बिंदू काढून टाकायचा असेल तर कारण आकडा पाहण्याआधी ठरलेलं असावं. कोणी सांगितलं तरी.

माणसं

चूक झाली तर त्याच तासात सांगा. नमुने अदलाबदल झाल्याची शंका असेल तर शंकाच सांगा. रुग्णाचं रक्त परत मिळत नाही, पण संशयास्पद नमुना वगळता येतो. लपवलेला वगळता येत नाही. तीनदा तेच विचारायला संकोच वाटतो, म्हणून पहिल्यांदा विचारतानाच लिहून घ्या.

पेपरवर नाव कोणत्या कामाला मिळतं हे पहिल्या काही महिन्यांतच विचारून घ्या, लेख लिहायला घेतल्यावर नाही. प्रश्न अवघड वाटतो, पण चांगला पीआय (लॅबचा प्रमुख) तो मनावर घेत नाही. आणि आठवड्यातून एक तास पेपर वाचायला ठेवा, आपल्या हातातल्या प्रयोगाच्या जवळचा. नाही तर दोन वर्षांनी तुम्ही उत्तम फायकॉल करत असाल आणि ते कशासाठी करता हे सांगता येणार नाही.

शेवटी फ्रीझर. नोकरी सोडायच्या दिवसापर्यंत थांबू नका, पहिल्या व्हायलपासून नकाशा ठेवा: टाकी, रॅक, डबा, खाना, काय, कोणी, कधी. साध्या मार्करने लिहू नका, अल्कोहोल लागलं की नाव पुसतं. थंडीत टिकणारी लेबलं लावा आणि झाकणावरही कोड घाला, कारण डबा उघडल्यावर दिसतं ते फक्त झाकण.